स्प्रिंगमधले बीन आणि त्यांचे स्कोप: गरब्याच्या पासांचं अ‍ॅप बनवता बनवता

जावा येते, कॉलेजात सर्व्हलेटचं प्रॅक्टिकल पण झालंय, पण नोकरीला लागल्यावर हातात स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचा भला मोठा प्रोजेक्ट येतो, त्यात कुठे ‘न्यू’ लिहिलेलं दिसत नाही, ऑब्जेक्ट कुठून तरी आपोआप येतात, एका क्लासवर @सेशनस्कोप आहे तर दुसऱ्यावर काहीच नाही, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण आपल्या बडोद्याचंच घेऊ, नवरात्रात गरब्याचे पास ऑनलाइन विकायचं छोटंसं अ‍ॅप. कुठली रात्र, किती पास, कोणाच्या नावावर, बस एवढंच. पास खुले झाले की दांडिया बाजारपासून गोत्रीपर्यंत सगळे एकाच वेळी तुटून पडतात, आणि स्कोपची चूक नेमकी तेव्हाच बाहेर येते. तोपर्यंत ती गुपचूप बसून असते, कारण आपण आपल्या लॅपटॉपवर एकटेच क्लिक करत असतो.

एकच प्रश्न डोक्यात ठेवून पुढे चला: ही माहिती कोणाची, आणि ती किती वेळ टिकायला पाहिजे? पासाचा रेट सगळ्यांचा, अ‍ॅप चालू आहे तोवर. कार्ट एका माणसाचं, तो साइटवर आहे तोवर. ‘आत्ता हे बटण कोणी दाबलं’ ही माहिती त्या एका क्लिकपुरती. स्कोप म्हणजे हेच, ऑब्जेक्ट किती जगणार आणि कोणाकोणाला दिसणार. आणि जो ऑब्जेक्ट स्प्रिंग स्वतः बनवून सांभाळतो, त्याला बीन म्हणतात.

पायरी १: प्रोजेक्ट उभा करा

स्प्रिंग इनिशियलायझरच्या साइटवर जा, मेव्हन किंवा ग्रेडल काहीही घ्या, डिपेंडन्सीत फक्त ‘स्प्रिंग वेब’ टाका, झिप उतरवा, आयडीईत उघडा. स्प्रिंग बूट ३ पासून कमीत कमी जावा १७ लागते. आणि बूट ३ मध्येच, म्हणजे २०२२ च्या नोव्हेंबरात, ‘जावाएक्स’ने सुरू होणारी एंटरप्राइजची पॅकेजं ‘जकार्ता’ झाली, म्हणून जुन्या ट्यूटोरियलमधून इम्पोर्ट कॉपी केले की लाल रेघा दिसतात. घाबरायचं काही नाही, नाव बदललंय एवढंच.

एक गोष्ट आत्ताच बघून घ्या. मेन क्लास ज्या पॅकेजमध्ये आहे तिथे आणि त्याच्या आतल्या पॅकेजांतच स्प्रिंग बीन शोधतो. तुम्ही शेजारी वेगळं पॅकेज काढून तिथे क्लास ठेवला तर तो त्याला दिसतच नाही आणि मग ‘नो सच बीन डेफिनिशन’ असा एरर येतो. क्लास आहे, अ‍ॅनोटेशन आहे, तरी बीन नाही म्हणतोय, तर आधी पॅकेज तपासा.

पायरी २: ऑब्जेक्ट स्वतः बनवू नका, मागा

दोन क्लास करा. ‘रेटसर्व्हिस’ रात्रीप्रमाणे रेट सांगते, ‘बुकिंगसर्व्हिस’ला तो रेट लागतो. दोन्हींच्या डोक्यावर @सर्व्हिस लिहा. बुकिंगसर्व्हिसमध्ये रेटसर्व्हिसचं एक प्रायव्हेट फायनल फील्ड ठेवा आणि कन्स्ट्रक्टरमध्ये ती पॅरामीटर म्हणून घ्या, घेऊन फील्डला द्या. झालं. अ‍ॅप सुरू होताना स्प्रिंगचा कंटेनर, म्हणजे बीन बनवून सांभाळणारा भाग, आधी रेटसर्व्हिस बनवतो, मग ती हातात घेऊन बुकिंगसर्व्हिसचा कन्स्ट्रक्टर बोलावतो. यालाच डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. नाव भारी वाटतं, ते मार्टिन फाउलर यांच्या २००४ च्या लेखामुळे रूढ झालं आणि स्प्रिंग १.० पण त्याच वर्षी आलं, पण काम एवढंच आहे की लागणारी वस्तू क्लासने स्वतः बनवायची नाही, बाहेरून घ्यायची.

जुन्या कोडमध्ये फील्डवरच @ऑटोवायर्ड लावलेलं दिसेल. चालतं, पण नवीन कोडमध्ये करू नका. कन्स्ट्रक्टरवाल्या पद्धतीत फील्ड फायनल ठेवता येतं, टेस्टमध्ये साधं ‘न्यू’ करून नकली रेटसर्व्हिस देता येते, आणि कन्स्ट्रक्टरला नऊ पॅरामीटर झाले की क्लास फुगलाय हे डोळ्यांना दिसतं, फील्डवर लावलं की ते लपून राहतं. स्प्रिंग ४.३ पासून (हा बूटचा नाही, मूळ स्प्रिंगचा नंबर) क्लासला एकच कन्स्ट्रक्टर असेल तर @ऑटोवायर्ड लिहायची पण गरज नाही.

आणि एकदा कंटेनरला काम दिलं की मधेच स्वतः ‘न्यू बुकिंगसर्व्हिस’ करायचं नाही. तुम्ही बनवलेल्या ऑब्जेक्टबद्दल स्प्रिंगला काही माहीत नसतं, त्यात तो काही भरत नाही, आणि फील्डवर @ऑटोवायर्ड असेल तर ते नल राहून नल पॉइंटर एक्सेप्शन येतं. नवीन पोरांचा हा फार कॉमन प्रश्न आहे, “दादा, ऑटोवायर्ड लावलंय तरी नल का?” दहातल्या नऊ वेळा असं म्हणणार होतो, पण मोजलेलं नाहीये, तर खूपदा म्हणू: खूपदा कुठेतरी ‘न्यू’ निघतं.

पैसे घ्यायला यूपीआय आणि कार्ड असे दोन क्लास असतील, दोन्ही ‘पेमेंट’ इंटरफेसवाले, आणि तुम्ही नुसतं ‘पेमेंट’ मागितलं तर स्प्रिंग अ‍ॅप सुरू होतानाच अडतो, एक पाहिजे होता दोन सापडले म्हणतो. एकावर @प्रायमरी लावा, किंवा मागताना @क्वालिफायरने नाव सांगा, किंवा दोन्ही हवे असतील तर सरळ मॅप मागा, त्यात ‘की’च्या जागी बीनचं नाव आणि व्हॅल्यूच्या जागी तो बीन असं तयार मिळतं. मला मॅपवाली पद्धत आवडते, उद्या वॉलेट आलं तर जुन्या कोडला हात लावावा लागत नाही.

दोन सर्व्हिस कन्स्ट्रक्टरमधून एकमेकींना मागत असतील तर अ‍ॅप सुरूच होत नाही, आणि बूट २.६ पासून फील्डवर @ऑटोवायर्ड लावून मागत असतील तरी होत नाही. फील्डवाल्यांचं एक प्रॉपर्टी टाकून चालू करता येतं आणि नेटवर लगेच तीच सांगतात, पण तो नुसता मलमपट्टीचा प्रकार झाला. दोघींना लागणारं काम काढून तिसऱ्या क्लासमध्ये ठेवा.

पायरी ३: आता मुद्दाम मोडा

ही पायरी वाचून सोडू नका, हाताने करा. पंधरा मिनिटांत जे कळतं ते नुसतं वाचून महिनाभर कळत नाही.

स्प्रिंगमध्ये स्कोप काही लिहिला नाही तर बीन सिंगलटन असतो. म्हणजे त्या कंटेनरमध्ये एकच ऑब्जेक्ट, अ‍ॅप सुरू होताना बनतो आणि बंद होईपर्यंत राहतो. आता बुकिंगसर्व्हिसमध्ये ‘नाव’ असं एक साधं स्ट्रिंग फील्ड टाका. बुक करायची मेथड अशी लिहा: पॅरामीटरमध्ये आलेलं नाव फील्डमध्ये ठेवायचं, थ्रेडला पाच हजार मिलिसेकंद झोपवायचं, आणि मग फील्डमधलं नाव वाचून ‘अमुक यांचा पास तयार’ असं परत द्यायचं. कंट्रोलर लिहून ब्राउझरमधून बोलवा. एका टॅबमध्ये नाव सुलभा, एंटर, आणि पाच सेकंदांच्या आत दुसऱ्या टॅबमध्ये नाव हेतल, एंटर.

दोन्ही टॅबमध्ये हेतलचा पास तयार. सुलभाताईंनी पैसे भरले आणि पास हेतलबेनच्या नावावर.

का झालं? बूटच्या आतला वेब सर्व्हर, म्हणजे टॉमकॅट, प्रत्येक रिक्वेस्ट वेगळ्या थ्रेडवर चालवतो, डिफॉल्ट सेटिंगला असे २०० थ्रेडपर्यंत जातो, आणि ते सगळे थ्रेड त्याच एका बुकिंगसर्व्हिस ऑब्जेक्टवर काम करतात. सुलभाचा थ्रेड झोपलेला असताना हेतलच्या थ्रेडने तेच फील्ड पुसून स्वतःचं नाव लिहिलं, सुलभाचा थ्रेड उठला आणि त्याने जे होतं ते वाचलं. खऱ्या अ‍ॅपमध्ये कोणी स्लीप लिहीत नाही, पण डेटाबेसचं उत्तर यायला, पेमेंट गेटवेचं उत्तर यायला जो वेळ जातो तोच तो स्लीप. एकट्याने टेस्ट केलं तर कधीच दिसणार नाही, आणि लॉगमध्ये एररसुद्धा येत नाही. म्हणून हा बग सगळ्यात वाईट, सगळं हिरवं दिसतं आणि माणसांचा डेटा एकमेकांत मिसळलेला असतो.

आता दुरुस्ती. फील्ड काढून टाका, नाव पॅरामीटरमधूनच पुढे न्या. बहुतेक ठिकाणी उत्तर एवढंच असतं, कुठला नवीन स्कोप लागतच नाही. सिंगलटनमध्ये फील्ड ठेवायचे ते फक्त दुसऱ्या सर्व्हिसचे आणि न बदलणाऱ्या सेटिंगचे. मेथडच्या आतले लोकल व्हेरिएबल प्रत्येक थ्रेडचे वेगळे असतात, त्यांची काळजी नको.

पायरी ४: रिक्वेस्ट स्कोप, आणि मधली प्रॉक्सी

मग रिक्वेस्ट स्कोप कशाला? तर समजा प्रत्येक क्लिकला एक संदर्भ नंबर द्यायचाय, आणि माणसाने मराठी निवडली की गुजराती हे पण लक्षात ठेवायचंय, आणि हे दोन्ही कंट्रोलरपासून पाच पायऱ्या खोल असलेल्या बिल बनवणाऱ्या क्लासला लागतं. प्रत्येक मेथडला दोन-दोन पॅरामीटर वाढवत न्यायचं जिवावर येतं. अशा वेळी ‘रिक्वेस्टमाहिती’ असा क्लास करा, त्यावर @कंपोनंट आणि @रिक्वेस्टस्कोप लावा, आत यूयूआयडीचं (कधी परत न येणाऱ्या लांब आयडीचं) एक फील्ड ठेवा आणि ते डिक्लेअर करतानाच रँडम यूयूआयडी देऊन टाका. त्याचा गेटर लिहा. आता बुकिंगसर्व्हिसने तो कन्स्ट्रक्टरमधून मागायचा, नेहमीसारखाच.

इथे एक शंका यायला पाहिजे. बुकिंगसर्व्हिस तर अ‍ॅप सुरू होताना एकदाच बनली, तेव्हा कुठलीच रिक्वेस्ट नव्हती, मग तिला रिक्वेस्टवाला ऑब्जेक्ट दिला कसा? उत्तर असं की खरा दिलाच नाही. स्प्रिंगने तुमच्या क्लासचा एक सबक्लास चालू अ‍ॅपमध्येच तयार केला आणि त्याचा ऑब्जेक्ट, म्हणजे प्रॉक्सी, हातात दिली. पोस्टातल्या खिडकीसारखं समजा, तुम्हाला फक्त खिडकी नंबर तीन माहीत असते, आत आज कोण बसलंय ते त्या त्या वेळी ठरतं. गेटर बोलावला की प्रॉक्सी बघते, आत्ता या थ्रेडवर कुठली रिक्वेस्ट चालू आहे, तिचा खरा ऑब्जेक्ट आहे का, नसेल तर बनवते, आणि काम त्याच्याकडे सोपवते. रिक्वेस्ट संपली की खरा ऑब्जेक्ट गेला, प्रॉक्सी तिथेच.

हे पण डोळ्यांनी बघा. बुकिंगसर्व्हिसमधून गेटरने यूयूआयडी प्रिंट करा, पेज रिफ्रेश करत राहा, दर वेळी नवीन येईल. मग तेच फील्ड थोड्या वेळापुरतं पब्लिक करा आणि गेटर न वापरता थेट फील्ड वाचा. नल! कारण फील्ड वाचलं ते प्रॉक्सीचं, आणि प्रॉक्सी बनवताना स्प्रिंग सहसा तुमचा कन्स्ट्रक्टर चालवतच नाही, त्यामुळे तिच्या फील्डमध्ये काही भरलेलंच नसतं. फायनल मेथडचं पण तेच, सबक्लासला ती ओव्हरराइड करता येत नाही म्हणून ती प्रॉक्सीवरच चालते आणि आत सगळं रिकामं सापडतं. क्लासच फायनल असेल किंवा रेकॉर्ड असेल तर अशी प्रॉक्सी बनतच नाही. डीबगरमध्ये क्लासच्या नावापुढे डॉलरची चिन्हं आणि ‘सीजीलिब’ असं काहीतरी लांबलचक दिसलं की समजा समोर प्रॉक्सी आहे, तिच्यातले नल बघून घाबरू नका.

आणखी एक खड्डा. @रिक्वेस्टस्कोप लिहिलं तर प्रॉक्सी आपोआप मिळते. पण जुन्या कोडमध्ये @स्कोप लिहून कंसात नुसतं ‘रिक्वेस्ट’ लिहिलेलं असतं, त्यात प्रॉक्सी मोड वेगळा सांगावा लागतो, नाही सांगितला तर प्रॉक्सी नाही. मग सिंगलटन बनवताना स्प्रिंग खरा ऑब्जेक्ट शोधायला जातो, रिक्वेस्ट तर नाहीये, आणि अ‍ॅप सुरू होतानाच ‘रिक्वेस्ट स्कोप या थ्रेडवर अ‍ॅक्टिव्ह नाही’ अशा अर्थाचा एरर येतो. त्या मेसेजमध्येच पुढे स्कोप्ड प्रॉक्सीचं सुचवलेलं असतं, पण लाल अक्षरं दिसली की आपण शेवटपर्यंत वाचत नाही ना.

पायरी ५: सेशन स्कोप, हात आखडता ठेवून

कार्ट. माणूस पंचमीच्या रात्रीचे चार पास टाकतो, मग अष्टमीचे बघायला जातो, परत येतो. इथे @सेशनस्कोप शोभतो. ब्राउझरमध्ये सेशनची कुकी असते, तिच्यावरून सर्व्हर ओळखतो की हा तोच माणूस, आणि प्रॉक्सी त्याचंच कार्ट काढून देते. टेस्ट करताना दोन टॅब उघडून दोन माणसं झाली असं समजू नका, कुकी एकच असते. एक साधी खिडकी आणि एक इन्कॉग्निटो घ्या.

दोन टॅब म्हणजे एकच सेशन, यातूनच पुढची अडचण निघते. एका माणसाने दोन टॅबमधून एकदम ‘पास टाका’ दाबलं, किंवा पेजनेच एका वेळी तीन रिक्वेस्ट पाठवल्या, तर तीन थ्रेड एकाच कार्टवर. सेशन स्कोपने माणसं वेगळी केली, थ्रेड वेगळे केले नाहीत. आत साधी अ‍ॅरेलिस्ट असेल तर गडबड होऊ शकते, बदल करणाऱ्या मेथडना लॉक लावा.

मग मेमरी. सेशन डिफॉल्टने शेवटच्या रिक्वेस्टनंतर ३० मिनिटं जिवंत राहतं. माणूस टॅब बंद करून सेव उसळ खायला गेला तरी त्याचं कार्ट सर्व्हरच्या मेमरीत बसून आहे. कार्टमध्ये तुम्ही पासाचं पूर्ण डिझाइन, फोटो, सगळी यादी असं मिळून २०० केबी ठेवलं आणि अर्ध्या तासात ५००० माणसं येऊन गेली, तर १ जीबी नुसत्या कार्टांत गेलं. म्हणून आत फक्त रात्रीचा आयडी आणि संख्या ठेवा, बाकी डेटाबेसमधून काढा.

पुढे सर्व्हर एकाचे दोन झाले आणि सेशन रेडिसमध्ये (सगळ्या सर्व्हरना मिळून वापरता येणाऱ्या वेगळ्या डेटा स्टोअरमध्ये) ठेवायचं ठरलं तर डिफॉल्ट सेटिंगला कार्ट सिरियलायझेबल, म्हणजे बाइटमध्ये बदलून साठवता येणारं, लागतं. आत्तापासूनच करून ठेवा, आणि त्यात कुठली सर्व्हिस इंजेक्ट करू नका, कार्टात फक्त डेटा. रेट मोजायचं काम बुकिंगसर्व्हिसचं.

माझं स्पष्ट मत सांगतो, पास शेवटी बुक झालाय की नाही, किती शिल्लक आहेत, यातलं काहीही सेशनमध्ये ठेवायचं नाही. सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि गेलं तर माणूस फार तर चिडेल, अशाच गोष्टी तिथे शोभतात. पैशाचा आणि जागेचा हिशोब डेटाबेसमध्येच.

@अ‍ॅप्लिकेशनस्कोप पण असतो, तो पूर्ण सर्व्हलेट कॉन्टेक्स्टला एक. साध्या बूट अ‍ॅपमध्ये सिंगलटन आणि तो यांत फरक जाणवत नाही, त्यामुळे सोडून द्या.

प्रोटोटाइप

याबद्दल थोडंच. प्रोटोटाइप म्हणजे मागाल तेव्हा नवीन ऑब्जेक्ट. पण सिंगलटनमध्ये इंजेक्ट केला तर मागणी एकदाच झाली ना, म्हणून तो एकच ऑब्जेक्ट कायमचा चिकटून बसतो आणि आपण समजतो दर वेळी नवा मिळतोय. खरंच दर वेळी नवा पाहिजे असेल तर ‘ऑब्जेक्टप्रोव्हायडर’ इंजेक्ट करा आणि लागेल तेव्हा त्याच्याकडून मागा. आणि प्रोटोटाइपचं @प्रीडिस्ट्रॉय स्प्रिंग चालवत नाही, फाइल वगैरे उघडली असेल तर बंद करायची जबाबदारी तुमची. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा इथे साधं ‘न्यू’ चालतं, प्रत्येक गोष्ट बीन असायलाच पाहिजे असं नाही.

स्प्रिंग नसेल तर

कंपनीत स्प्रिंगऐवजी जकार्ता ईई किंवा क्वार्कस ही दुसरी जावा फ्रेमवर्क असेल तर तिथे सीडीआय असतं, म्हणजे त्यांचं डिपेंडन्सी इंजेक्शनचं स्टँडर्ड. @रिक्वेस्टस्कोप्ड, @सेशनस्कोप्ड, @अ‍ॅप्लिकेशनस्कोप्ड अशी नावं, मागे प्रॉक्सीची आयडिया तीच. पण डिफॉल्ट वेगळा आहे, तिथे बीनचा डिफॉल्ट स्कोप ‘डिपेंडंट’ असतो, म्हणजे ज्याने मागितला त्याला त्याचा वेगळा. मायक्रोनॉट या आणखी एका फ्रेमवर्कमध्ये पण स्कोप न लिहिता नवीनच मिळतो. आपोआप सिंगलटन ही स्प्रिंगची सवय आहे, ती घेऊन दुसरीकडे गेलात तर ‘मी ठेवलेली व्हॅल्यू गेली कुठे’ असं होतं.

जुन्या जेएसएफ (जावाची वेब पेजं बनवायची पद्धत, तिलाच फेसेस म्हणतात) प्रोजेक्टवर बसवलं असेल तर इम्पोर्टकडे नीट बघा. @रिक्वेस्टस्कोप्ड नावाची दोन अ‍ॅनोटेशन होती, एक फेसेसच्या बीन पॅकेजमधलं, एक एंटरप्राइज कॉन्टेक्स्टमधलं. आयडीई दोन्ही सुचवतो, चुकीचं निवडलं तरी कंपाइल होतं, फक्त सीडीआय त्याला ओळखत नाही आणि स्कोप लागतच नाही. फेसेस ४.० मध्ये जुनी काढून टाकली, पण जुना प्रोजेक्ट तोवर जुनाच.

पायरी ६: रिक्वेस्टच्या बाहेर गेल्यावर

पास बुक झाला की एसएमएस जायला पाहिजे, आणि त्यासाठी माणसाला थांबवायला नको म्हणून तुम्ही एसएमएसवाल्या मेथडवर @असिंक लावता. ती दुसऱ्या थ्रेडवर चालते, आत रिक्वेस्टमाहितीचा गेटर बोलावला की तोच मघाचा एरर, स्कोप अ‍ॅक्टिव्ह नाही. बरोबरच आहे, खरा ऑब्जेक्ट थ्रेडवरच्या रिक्वेस्टवरून शोधतात आणि या थ्रेडवर रिक्वेस्टच नाही. रात्री बाराला चालणारं @शेड्यूल्ड काम आणि अ‍ॅप सुरू होताना चालणारा रनर, दोघांचंही हेच.

नेटवर एक सेटिंग सापडेल, रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट चाइल्ड थ्रेडला वारशाने द्यायचं. थ्रेड पूल असेल तर ते वापरू नका. पूलमधला थ्रेड एकदा बनतो आणि पुढे शंभर कामं करतो, वारसा मिळाला तो बनतानाच्या रिक्वेस्टचा, म्हणजे परत सुलभा-हेतलचाच घोळ, फक्त शोधायला जास्त अवघड. सरळ रस्ता असा की असिंक मेथड बोलवायच्या आधी, रिक्वेस्ट जिवंत असतानाच, फोन नंबर, भाषा, संदर्भ नंबर काढून घ्या आणि साध्या व्हॅल्यू म्हणून पॅरामीटरमध्ये द्या. कार्टसुद्धा असंच पाठवू नका, तुमच्या हातात असते ती त्याची प्रॉक्सी, कार्टातले आकडे काढून पाठवा.

पायरी ७: तुमच्या ऑफिसच्या प्रोजेक्टवर फिरवा

आयडीईच्या सर्चमध्ये @सर्व्हिस, @कंपोनंट, @कंट्रोलर, @रेस्टकंट्रोलर टाका आणि एकेक क्लास उघडून फक्त फील्ड बघा. फायनल असेल आणि दुसरा बीन असेल तर पुढे जा. फायनल मॅप किंवा लिस्ट असेल तर थांबा, फायनल म्हणजे फील्ड बदलणार नाही, आतला माल बदलू शकतो, कोणी त्यात भर घालतंय का ते बघा. फायनल नसलेलं स्ट्रिंग, संख्या, तारीख, यूझर असं काही दिसलं तर ते कोण आणि कधी लिहितंय ते शोधा. मेथडमधून लिहिलं जात असेल तर पायरी ३ मधला स्लीप तिथे टाकून दोन खिडक्यांतून चालवून बघा, आणि दोन्ही खिडक्यांचे स्क्रीनशॉट जोडून तिकीट टाका, कारण नुसतं ‘इथे रेस कंडिशन (दोन थ्रेड एकाच डेटावर एकदम तुटून पडणं) असू शकते’ लिहिलं तर ते तिकीट पुढच्या नवरात्रापर्यंत कोणी उघडत नाही.